टाकीतील चिमुकल्या आगंतुक गोगलगायी : ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

पाणकणीस

नमस्कार. माझ्याकडे ४५ लिटरची, पाणवनस्पती लावलेली टाकी आहे. तिच्यात चेरी कोळंबी आणि आठ एम्बर टेट्रा मासे आहेत. गोगलगाय मी आजवर एकही आणलेली नाही. सहा आठवड्यांपूर्वी हायग्रोफिला, क्रिप्टोकोरिन आणि थोडे जावा मॉस लावले आणि गेल्या पंधरवड्यापासून, आमंत्रण नसलेली मंडळी काचेवरून फिरताना दिसू लागली. माझ्या नजरेला त्यांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा, अंड्यासारखा फुगीर आणि एका टोकाला निमुळता आहे. रंग तपकिरी असून त्यावर सोनेरी ठिपके आहेत. या गोगलगायी इतक्या चपळ आहेत की ‘गोगलगायीच्या गतीने’ हा शब्दप्रयोग कोणी रूढ केला असावा, असा प्रश्न पडतो. दुसरा प्रकार २ मिलिमीटर रुंदीचा आणि चपटा, दोरीचे वेटोळे घालून ठेवावे तसा आहे. तिसऱ्याला वळसाच नाही. पालथ्या घातलेल्या द्रोणासारखे ते पारदर्शक प्रकरण काचेला घट्ट चिकटून असते आणि दिवसभरात जेमतेम बोटभर सरकते.

पहिल्या प्रकाराचे छायाचित्र जोडले आहे. शंखाचे टोक वर धरले तर त्याचे तोंड उजवीकडे येते, हे त्यात स्पष्ट दिसते. तोंड उजवीकडे असेल तर ती ‘पाँड स्नेल’ आणि डावीकडे असेल तर ‘ब्लॅडर स्नेल’, असे मी वाचले आहे. पाँड स्नेल झाडे खातात असेही वाचले, आणि माझ्या हायग्रोफिलाच्या पानांना खरोखरच भोके पडू लागली आहेत. या तिन्ही गोगलगायी नेमक्या कोणत्या आणि त्या काढून टाकाव्यात की राहू द्याव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कोळंबी असल्यामुळे तांबेयुक्त औषध वापरण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

अर्धवट_माळी

तोंड उजवीकडे आहे आणि पानांना भोके आहेत, म्हणजे पाँड स्नेलच. चार असॅसिन स्नेल, म्हणजे इतर गोगलगायी खाणाऱ्या गोगलगायी, सोडा. महिन्याभरात रिकामे शंख तेवढे उरतील.

काचेआड

अर्धवट_माळी, निकाल फार लवकर लागला. आरोपीचा चेहराही अजून कोणी पाहिलेला नाही.

पाणकणीस, इतक्या लहान गोगलगायीची ओळख केवळ शंखावरून पटवू नये, असे मला वाटते. दोन-तीन मिलिमीटरच्या पिल्लाचे जेमतेम अडीच-तीन वळसे झालेले असतात, त्यामुळे मोठेपणी अगदी वेगळ्या दिसणाऱ्या जातीसुद्धा या वयात बहिणीबहिणी वाटतात. जिवंत प्राण्याचे अंग मात्र फसवत नाही. पांढऱ्या बशीत टाकीचेच थोडे पाणी घ्या, त्यात एक गोगलगाय ठेवा आणि बशीला धक्का न लावता पाचेक मिनिटे थांबा. ती बाहेर आली की दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तिच्या डोक्यावरच्या स्पर्शिका पाहा. उजेड वरून न पाडता बाजूने पाडलात तर अधिक स्पष्ट दिसेल.

पाँड स्नेलच्या, म्हणजे लिम्निया कुळातील गोगलगायींच्या स्पर्शिका रुंद, चपट्या आणि त्रिकोणी असतात. मांजराचे कान बाजूंना दाबून बसवावेत तशा त्या दिसतात. ब्लॅडर स्नेलच्या स्पर्शिका दोऱ्यासारख्या बारीक आणि लांब असतात. दोघींचेही डोळे स्पर्शिकांच्या बुडाशी असतात, जमिनीवरच्या गोगलगायीसारखे शेंड्यावर नसतात. त्यामुळे डोळ्यांवरून या दोघींत फरक करता येणार नाही. आणखी एक गोष्ट पाहावी. ब्लॅडर स्नेलच्या अंगावरील प्रावरणाच्या, म्हणजे शंखाखालच्या मऊ पडद्याच्या, कडेला बोटांसारखे बारीक फाटे असतात आणि चालताना ते शंखाच्या बाहेरून, कडेवर पसरलेले दिसतात. तुम्हाला शंखावर दिसणारे सोनेरी ठिपकेसुद्धा बहुधा शंखाचे नसून पातळ शंखातून दिसणाऱ्या अंगाचे असावेत.

तिला काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श करून पाहा. ब्लॅडर स्नेल डिवचली गेल्यावर शंख डावीकडे-उजवीकडे जोरजोरात हिसडते. जळू किंवा चपटकृमी अंगावर आला तर त्याला झटकून टाकण्याची ही तिची रीत आहे. पाँड स्नेल असे हिसडे देत नाही. ती नुसती आत जाते.

तळ्यातमळ्यात

गोगलगाय अन् पोटात पाय! ही म्हण या धाग्यावर कोणीतरी लिहिणारच होते, म्हणून ते काम मीच उरकून घेतो. मात्र ज्याने ती रचली त्याने निरीक्षण नीट केले होते, हे मान्य करावे लागेल, कारण प्राणिशास्त्रात या वर्गाला उदरपाद म्हणतात आणि त्याचा अर्थ हाच होतो.

शेवाळशास्त्री

पहिल्या प्रकाराबद्दल काचेआड यांनी लिहिलेच आहे, म्हणून मी उरलेल्या दोघींविषयी लिहितो.

तिसरी, वळसा नसलेली, ही गोड्या पाण्यातील लिंपेट आहे, फेरिसिया. ती पूर्ण वाढल्यावरही चार-पाच मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. दिसायला ती अगदी निराळी असली तरी तिची गणना रॅम्सहॉर्नच्याच (वेटोळ्यासारख्या शंखाच्या गोगलगायींच्या) प्लॅनॉर्बिडी कुळात होते. तुमच्या टाकीतील इतर दोन्ही प्रकार हवा घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येताना दिसतील. ही येणार नाही, कारण तिने फुप्फुस जवळजवळ गमावले असून ती कल्ल्यासारख्या एका दुमडीतून पाण्यातलाच प्राणवायू घेते. ती काचेवरचा शेवाळाचा थर खरवडून जगते आणि कोणाच्याही अध्यात-मध्यात नसते. तिला काढू नये, अशी माझी शिफारस आहे.

दुसरी, चपटी, ही माझ्या मते गायरॉलस असावी, म्हणजे बुटक्या रॅम्सहॉर्नपैकी एक. २ मिलिमीटर रुंदी आणि दोरीच्या वेटोळ्यासारखा चपटेपणा हे वर्णन तिला चपखल बसते. नेहमीच्या रॅम्सहॉर्नचे पिल्लू या आकाराला जाडसर आणि गोलसर दिसते, चपटे दिसत नाही.

हिरवे_पान

शेवाळशास्त्री यांचे शेवटचे वाक्य मला पूर्णपणे पटलेले नाही. माझ्या टाकीत रॅम्सहॉर्नची पिल्ले वरून पाहिली तर चपटीच वाटतात. त्यांची जाडी कळण्यासाठी त्यांना कडेवर उभे करून पाहावे लागते. ‘चपटी’ हे पाणकणीस यांनी काचेतून समोरून पाहून लिहिले आहे की बाजूने पाहून, हे आपल्याला ठाऊक नाही. एक गोगलगाय वेगळ्या बरणीत वाढवून पाहिली तर प्रश्न आपोआप सुटेल. गायरॉलस पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास थांबेल आणि साधी रॅम्सहॉर्न थांबणार नाही.

आता पानांच्या भोकांविषयी लिहितो. ही भोके जुन्या पानांना आहेत की नव्या? आणि भोकांच्या कडा पिवळसर आहेत का?

पाणकणीस

सर्वांचे आभार. काचेआड यांनी सांगितल्याप्रमाणे बशीत ठेवून पाहिले आणि आता माझा गोंधळ अधिकच वाढला आहे. स्पर्शिका स्पष्टपणे दोऱ्यासारख्या बारीक आहेत. काडी लावताच शंख इतक्या जोरात हिसडला गेला की मीच दचकले. प्रावरणाचे फाटेही मला दिसले, किंवा दिसले असे वाटले. या सर्व खुणा ब्लॅडर स्नेलच्या आहेत, परंतु छायाचित्रात तोंड उजवीकडेच आहे. अंग एक सांगते आणि शंख दुसरेच सांगतो.

हिरवे_पान, भोके खालच्या, जुन्या पानांना आहेत. सुरुवातीला टाचणीने टोचल्यासारखी असतात, नंतर मोठी होतात आणि कडेला पिवळी पडतात. शेंड्याकडची नवी पाने मात्र नीट आहेत.

हिरवे_पान

मग हे काम गोगलगायीचे नाही. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोके, पिवळी कड आणि शेंडा सुरक्षित, ही पोटॅशियम कमी पडल्याची खूण आहे. हायग्रोफिला ही वनस्पती त्याबाबतीत सर्वांत आधी तक्रार करते. पोटॅशियमयुक्त खत सुरू करा आणि केवळ नव्या पानांवर लक्ष ठेवा, कारण पडलेली भोके बुजत नाहीत. मरू घातलेल्या पेशी गोगलगायी खातात, त्यामुळे त्या भोकाच्या कडेला बसलेल्या दिसतात आणि चोरीच्या जागी सापडलेल्या माणसासारखी त्यांची गत होते.

अर्धवट_माळी

इथे सर्वजण गोगलगायींचे वकीलपत्र घेऊन बसलेले दिसतात. माझी अख्खी टाकी गोगलगायींनी खाल्लेली आहे, तीही सुदृढ पाने, देठासकट. त्यामुळे ‘गोगलगाय फक्त मेलेले पान खाते’ हे वाक्य वाचले की माझ्या कपाळावर आठी पडते.

काचेआड

तुमच्या गोगलगायींच्या शंखाला झाकण होते का? अंगाजवळून नळीसारखा एखादा अवयव पृष्ठभागापर्यंत वर येत असे का? आणि अखेरीस त्या केवढ्या झाल्या?

अर्धवट_माळी

आत गेल्यावर दार लावून घ्यावे तसे तपकिरी झाकण लागत असे. नळीही होती. अखेरीस एकेक लिंबाएवढी झाली. पाण्याच्या वर, टाकीच्या झाकणाखाली गुलाबी दाण्यांचे घोस चिकटलेले असायचे आणि मी त्यांना बराच काळ बुरशी समजत होतो.

काचेआड

मग त्या पोमासिया, म्हणजे ॲपल स्नेल होत्या. वर्णनावरून पोमासिया कॅनालिक्युलाटा किंवा तिची एखादी जवळची नातेवाईक असावी. या गटातील काही जाती सुदृढ झाडांचा फडशा पाडतात आणि कॅनालिक्युलाटा तर जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. फक्त ती या धाग्यातील आरोपींना लागू होत नाही. ओळखीचा उपयोग नेमका इथेच होतो. पिल्लू २-३ मिलिमीटरचे असतानाही झाकण दिसते, आणि पाणकणीस यांनी वर्णन केलेल्या तिन्ही प्रकारांना झाकण नाही, असे मी गृहीत धरतो. चूक असेल तर त्यांनी सांगावे.

इतरांसाठी एक विनंती आहे. अशी गोगलगाय सापडली तर तिला ओढ्यात किंवा तळ्यात सोडून मोकळे होऊ नका. नको असलेली अंडी चिरडावीत किंवा गोठवावीत.

पाणकणीस

तिन्ही प्रकारांना झाकण नाही, हे मी पुन्हा एकदा तपासले.

मोजपट्टी

उजव्या-डाव्याचा घोळ निस्तरण्याचा प्रयत्न करतो. जीवशास्त्रातील नियम असा आहे की शंखाचे टोक, म्हणजे जिथून वळसे सुरू होतात तो बिंदू, वर धरायचा आणि तोंड आपल्याकडे करायचे. मग तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा आणि डाव्या हाताला आले तर डावा. यातील दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. काचेवर वर चढणाऱ्या गोगलगायीचे टोक पुष्कळदा खाली लोंबत असते. ते तसेच ठेवून पाहिले तर उजवी गोगलगाय डावी वाटते.

मराठी वाचकांसाठी यात आणखी एक खड्डा आहे. ‘दक्षिणावर्ती’ हा शब्द वाचला की आपण तो शास्त्रातील ‘उजवा’ या अर्थाने घेतो, पण दक्षिणावर्ती म्हणून ओळखला जाणारा दुर्मीळ शंख शास्त्राच्या मोजणीत डावा ठरतो. तो शंख पाहताना वळशांचे टोक खाली आणि तोंडाची निमुळती पन्हळ वर धरली जाते, त्यामुळे डाव्या शंखाचे तोंड उजवीकडे येते. म्हणून गोगलगायींबाबत लिहिताना मी हा शब्द टाळतो आणि ‘टोक वर, तोंड उजवीकडे’ असे सरळ लिहितो.

पाणकणीस, तुम्ही टोक वर धरूनच पाहिले होते ना?

पाणकणीस

हो. गोगलगाय खाली उतरत होती, त्यामुळे छायाचित्रात टोक वरच आहे आणि तोंड काचेकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे आहे. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी पुन्हा पाहिले. उजवीकडेच आहे.

शेवाळशास्त्री

एखादे पिल्लू जन्मतःच उलट्या वळणाचे निपजले असेल, ही शक्यता नाकारता येणार नाही.

काचेआड

नाकारता येणार नाही, पण ती फार क्षीण आहे. विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण हा आनुवंशशास्त्रातील एक सुंदर किस्सा आहे. पाँड स्नेलमध्ये डावे-उजवेपण कसे वारशाने येते यावरचे प्रयोग बॉयकॉट आणि डायव्हर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. आकडे नेहमीच्या नियमांत बसत नव्हते. त्याच वर्षी स्टर्टेव्हंट यांनी उलगडा केला की पिल्लाचे वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, तर आईच्या जनुकांवर ठरते. म्हणजे प्रत्येक पिढीत एक पिढी उशिराने निकाल लागतो. लिम्निया स्टॅग्नॅलिस या जातीत यामागचे जनुक २०१६ मध्ये सापडले.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की एका अंडीपुंजातील सर्व पिल्लांची आई एकच असल्यामुळे ती सर्व एकाच वळणाची निघायला हवीत. पाणकणीस यांच्या टाकीत ब्लॅडर स्नेलची वीस पिल्ले असतील आणि त्यांतील एखादेच उजवे असेल, तर मला आधी छायाचित्राचा संशय येईल.

टाचणी

मी इतका वेळ केवळ वाचत होते. एक साधा प्रश्न विचारते. हे छायाचित्र नेमके कसे काढले?

पाणकणीस

टाकी भिंतीपासून चार बोटांवर आहे आणि गोगलगाय मागच्या काचेवर होती. त्या फटीत डोके घालणे शक्य नव्हते, म्हणून मी मोबाइल भिंतीच्या बाजूने आत सरकवला आणि पडदा टाकीकडे केला, म्हणजे समोर उभे राहून पाण्यातून आरपार पडदा पाहता येईल आणि नेम धरता येईल. माझ्या मते ही युक्ती बरी होती.

टाचणी

युक्ती उत्तम आहे. पण पडदा टाकीकडे होता, म्हणजे छायाचित्र सेल्फीच्या कॅमेऱ्याने निघाले. अनेक मोबाइलांत हा कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा साठवतो. एखादा छापील कागद त्याच कॅमेऱ्यासमोर धरून पाहा.

पाणकणीस

पाहिले. अक्षरे उलटी आली. मी आता काही काळ मोबाइल बाजूला ठेवते.

तळ्यातमळ्यात

तळ्यात म्हणता म्हणता मळ्यात! माझ्या सदस्यनावाचा इतका समर्पक उपयोग आजवर झाला नव्हता.

मोजपट्टी

मी चार परिच्छेदांचा प्रतिसाद लिहिला असता तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नसती. टाचणी यांना नमस्कार.

काचेआड

तर पहिला प्रकार ब्लॅडर स्नेल, फायसेला ॲक्युटा. तोंड डावीकडे, स्पर्शिका बारीक, हिसडे देणारी. सर्व साक्षीपुरावे आता एका बाजूला आले.

हिच्या नावाची कथाही अशीच फसगतीची आहे. १८०५ मध्ये ड्रापार्नो यांनी फ्रान्समधील गॅरोन नदीतील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले, म्हणून ती दीर्घकाळ युरोपची समजली गेली. ती मूळची उत्तर अमेरिकेची आणि युरोपात आगंतुक होती, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे नाव मिळाले तेव्हाही ती कोणाच्या तरी पाठीवरून आलेली पाहुणीच होती.

पाणकणीस, एकच गोगलगाय आली असती तरीही तुमच्याकडे एवढा गोतावळा झाला असता. ती उभयलिंगी आहे आणि एकटी पडली तर स्वफलनानेही, म्हणजे जोडीदाराशिवाय, अंडी घालू शकते. मात्र ती तसे लगेच करत नाही. जोडीदार मिळेल या आशेने काही दिवस थांबते. तुमच्या पानांखाली पारदर्शक, काकवीच्या थेंबासारखे पण रंगहीन आणि किंचित वाकलेले जेलीचे गोळे असतील, ती तिची अंडी. रॅम्सहॉर्नची जेली चपटी, चकतीसारखी असते.

हिरवे_पान

आणि टणक, पांढरे, तिळासारखे दाणे लाकडावर चिकटलेले दिसले तर ती नेराइट गोगलगायीची अंडी असतात. पाणकणीस यांच्याकडे नेराइट नाही, पण ‘माझ्या टाकीत तीळ कोणी टाकले’ असा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतेच, म्हणून लिहून ठेवले. बहुतेक नेराइटांची पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या वाढण्याची भीती नसते. फक्त ते दाणे खरवडताना नखे तुटतात.

पाणकणीस

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग विचारते. काढाव्यात की राहू द्याव्यात?

शेवाळशास्त्री

राहू द्याव्यात. त्यांची संख्या तुम्ही किती खाद्य टाकता याचा हिशेब सांगते. अचानक शंभर झाल्या तर खाद्य उरते आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाद्य कमी करा आणि रात्री काकडीची चकती टाकून सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसह बाहेर काढा. दोन आठवड्यांत फरक दिसेल.

अर्धवट_माळी

असॅसिन स्नेलचा माझा सल्ला मी मागे घेतो, कारण त्या लिंपेटलाही सोडणार नाहीत. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या ॲपल स्नेलच्या वेळी मी वैतागून तांब्याचे औषध टाकले होते. गोगलगायी मेल्या, दुसऱ्या दिवशी कोळंबी मेली आणि कुजणाऱ्या मांसामुळे अमोनिया वाढून तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले. बाटलीवर इशारा छापलेला होता. तो मी नंतर वाचला.

टाचणी

पुढच्या वेळी रोपे आणताना काय करावे, हेही कोणीतरी लिहावे.

मोजपट्टी

थोडक्यात लिहितो. सुगंध नसलेल्या साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे १९ भाग, यात रोप जास्तीत जास्त दोन मिनिटे बुडवावे आणि मग क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणात खळखळून धुवावे. मॉस आणि व्हॅलिसनेरिया हे सहन करत नाहीत. तुरटीचे द्रावण सौम्य असते, पण त्यात रोपे बराच काळ ठेवावी लागतात. जेलीतील अंडी दोन्ही उपायांतून कधीकधी वाचतात, म्हणून मी स्वतः रोपे चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवतो. अंडी एक-दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले उरलेल्या काळात नजरेला पडतात. ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत निर्जंतुक डब्यात वाढवलेली) रोपे आणली तर यातले काहीच करावे लागत नाही.

हिरवे_पान

हे सर्व करूनही एखादी येतेच. मी तर प्रयत्न सोडून दिला आहे.

पाणकणीस

पाच आठवड्यांनंतर परत आले आहे. खबर अशी आहे.

पोटॅशियम सुरू केल्यापासून आलेल्या हायग्रोफिलाच्या पानांना एकही भोक नाही, आणि गोगलगायी तेवढ्याच आहेत.

दुसऱ्या प्रकारातील एक चपटी गोगलगाय हिरवे_पान यांच्या सूचनेनुसार बरणीत ठेवली होती. ती २ मिलिमीटरवरून ७ मिलिमीटरवर गेली आहे आणि तिचे अंग आता लालसर दिसते.

तिसरी गोष्ट अशी की रात्री दिवे बंद करून दोन तासांनी विजेरी घेऊन पाहिले, तर वाळूतून स्क्रूसारख्या लांबट, टोकदार शंखांच्या चार गोगलगायी बाहेर आल्या होत्या. यांना झाकण आहे. दिवसा मी यांतील एकही कधी पाहिली नव्हती.

शेवाळशास्त्री

७ मिलिमीटर म्हणजे गायरॉलस नाही. ती साधी रॅम्सहॉर्न आहे. हिरवे_पान बरोबर होते आणि मी चुकलो. लाल रंग तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा आहे. अंगात काळे रंगद्रव्य कमी असले की तो बाहेर दिसतो. तुमच्या ब्लॅडर स्नेलच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते, त्यामुळे ती अशी लाल कधीच दिसणार नाही. २ मिलिमीटरच्या वयात पुन्हा कोणी विचारले तर मी ‘बरणीत ठेवा’ एवढेच उत्तर देईन.

काचेआड

रात्रीची मंडळी म्हणजे ट्रम्पेट स्नेल, मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलाटा. म्युलर यांनी १७७४ मध्ये तिचे वर्णन केले ते कोरोमंडल किनाऱ्यावरील नमुन्यांवरून. दिवसा ती वाळूत असते, त्यामुळे वाळू मोकळी राहते. ती अंडी घालत नाही, तयार पिल्लेच बाहेर सोडते, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्या माद्याच असतात व नराशिवायच वाढतात. तुम्हाला चार दिसल्या म्हणजे वाळूत चाळीस असतील. त्याने घाबरण्याचे कारण नाही, पण खाद्य हात राखून टाका. झाकण असलेल्या प्रत्येक गोगलगायीला ॲपल स्नेल समजू नये, हे अर्धवट_माळी यांच्यासाठी मुद्दाम लिहितो.

अर्धवट_माळी

पोहोचले.

तळ्यातमळ्यात

आणि ती पालथ्या द्रोणातली तपस्विनी? तिची खबर कोणीच दिली नाही.

पाणकणीस

ती आहे तिथेच आहे. मात्र काल तिच्या शेजारी काचेवर एक चपटे, गोल, जेमतेम मिलिमीटरभराचे पारदर्शक वर्तुळ दिसले आणि त्यात एकच ठिपका आहे. आधी मला तो पाण्याचा डाग वाटला, परंतु आज ठिपका किंचित हललेला आहे. छायाचित्र जोडत आहे.

काचेआड

एका कुपीत एकच अंडे, ही फेरिसियाची पद्धत आहे. अभिनंदन. छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढले आहे?

पाणकणीस

मागच्या. टाकी भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतली आहे.